घरात परवान्याची बंदूक आणि घरातच मानसिक आजार: काय करावं? सल्ला हवा

सिंदफणाकाठ | सोमवार, रात्री ११.४०

नमस्कार. धागा काढायची ही पहिलीच वेळ, लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही माजलगाव तालुक्यातले. घरात बारा बोअरची दुनळी आहे. वडील गेल्यावर परवाना दादाच्या नावावर झाला. रानडुकरं आणि रोही उसात घुसतात म्हणून ती होती, पण खरं सांगायचं तर पंधरा वर्षांत ती फक्त निवडणुकीला ठाण्यात जमा होते आणि परत येऊन खुंटीला लागते.

दोन वर्षांपूर्वी ऊस वेळेवर गेला नाही, सोसायटीच्या कर्जाचं नवं-जुनं करता करता दादा खचला. पारावर बसणं बंद झालं, झोप गेली. अंघोळीला चार वेळा सांगावं लागतं. आईला वाटतं बाहेरचं आहे, तिने दोन ठिकाणी नेऊन अंगारा आणला. तालुक्याच्या डॉक्टरने पित्ताच्या आणि झोपेच्या गोळ्या दिल्या.

गेल्या गुरुवारी रात्री दोनला वहिनींना जाग आली. मधल्या खोलीत लाईट चालू होता. दादा गोधडीवर बसून दुनळी पुसत होता. तेलाचा वास, मांडीवर जुन्या धोतराचं फडकं, आणि पुढ्यात दोन काडतुसं उभी करून ठेवलेली, पूजेत सुपाऱ्या मांडतात तशी. वहिनींनी विचारलं, काय करायलात? म्हणाला, "गंज चढायलाय, पुसून ठेवायलोय. झोप तू." वहिनी सकाळपर्यंत उंबऱ्यात बसून होत्या.

मला हे काल कळलं. मनोविकाराच्या डॉक्टरकडे चल म्हटलं तर दादाचं एकच: "दिवाळीनंतर परवान्याचं नूतनीकरण आहे. मेंटलच्या डॉक्टरची एक चिठ्ठी फायलीला लागली की परवाना गेला, आणि गावात वेडा म्हणून शिक्का." म्हणजे बंदूक जाईल म्हणून माणूस औषध घेत नाही, आणि औषध नाही म्हणून आम्हाला बंदुकीची भीती.

पोलिसांना सांगू का? सांगितलं तर परवाना कायमचा जाईल का? कोणी यातून गेलं असेल तर कृपा करून लिहा.

मनोविकार_लातूर | सोमवार, रात्री १२.०५

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. बाकीचं सकाळी लिहिते, आत्ता फक्त एवढं करा.

वहिनींना आत्ता फोन लावा. काडतुसं आणि दुनळी वेगवेगळ्या कुलपात, दोन्ही किल्ल्या दादांपासून लांब. आज रात्री दादांना एकटं झोपू देऊ नका. आणि त्यांना सरळ विचारा, "दादा, जिवाचं काही करून घ्यावं असं मनात येतं का?" विचारल्याने डोक्यात खूळ शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. "हो" म्हणाले तर सकाळची वाट बघू नका, जवळच्या सरकारी दवाखान्यात घेऊन जा. कोणाशी तरी बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रीसुद्धा लागतो, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

सिंदफणाकाठ | सोमवार, रात्री १२.५०

केला फोन. पुतण्या दादाच्या खोलीत झोपलाय. किल्ल्या वहिनींच्या कमरेला आहेत. विचारायचं धाडस मात्र अजून नाही झालं. सकाळी पहिल्या एसटीने गावी निघतो.

दुधनातीर | मंगळवार, सकाळी ८.१५

तुमच्या घरावर आलेली वेळ वाईट आहे, पण मी स्पष्ट लिहितो. ज्याला मानसिक आजार आहे त्याच्या हातात बंदूक नकोच. एकदा उपचार झाले की जन्मभर परवाना बंद, असा नियम पाहिजे. मस्साजोगच्या सरपंचांच्या खुनानंतर काय निघालं ते आपण बघितलं: एकट्या बीड जिल्ह्यात बाराशेच्या वर परवाने! मग प्रशासनाला शंभराहून जास्त परवाने रद्द करावे लागले. ज्यांच्यावर गुन्हे आहेत त्यांच्याकडेही बंदुका होत्या. ३१ जुलै २०२३ ला जयपूर-मुंबई गाडीत रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाने आपल्या वरिष्ठासह चौघांना गोळ्या घातल्या, तेव्हाही त्याच्या डोक्यावर परिणाम झाल्याचं बोललं गेलं. वर्दीतल्या माणसाचं हे, तर खेड्यात कोण बघणार? माझ्या दोन लेकी त्याच रस्त्याने कॉलेजला जातात. मला भीती वाटते, आणि ती खोटी नाही.

पूर्णाकाठची | मंगळवार, सकाळी ९.३०

दुधनातीर, मला बायपोलर आहे, मन टोकाचं वर-खाली होण्याचा आजार. अकरा वर्षं लिथियम घेते, ठरल्या वेळी रक्त तपासून घेते, परभणीत दुकान चालवते, दोन पोरं वाढवली. तुमच्या नियमात मी जन्मभराची धोकादायक बाई ठरते. त्या गाडीतल्या जवानाने धर्म बघून माणसं निवडली असा त्याच्यावर आरोप आहे. त्याचं ओझं आमच्या आजारावर टाकू नका. बीडमधल्या ज्या बंदुकांची तुम्हाला भीती वाटते त्यांच्या मालकांपैकी किती जण गोळ्या खात होते? ते तर पूर्ण शुद्धीत होते.

पण एक कबूल करते. आजार चढतो तेव्हा मला तो दिसत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात चार रात्री झोपले नव्हते, आणि मला पक्कं वाटत होतं की शेजारी माझ्या पोरांच्या वाईटावर आहेत. माहेरी तेव्हा आजोबांची ठासणीची बंदूक होती, रझाकाराच्या काळातली. मी तिची जागा विचारली होती. भावाने "दुरुस्तीला दिलीय" म्हणून सांगितलं आणि विषय बदलला. बरी झाल्यावर मीच त्याला म्हणाले, ती घरात ठेवू नको. आणि कागदावर लिहून दिलं: सलग दोन रात्री मी तीन तासांपेक्षा कमी झोपले तर दुकानाची, गाडीची, कपाटाची किल्ली भावाकडे. तो कागद बरी असताना लिहिलाय म्हणून मला त्याचा राग येत नाही. सिंदफणाकाठ, दादा बरे झाले की त्यांच्याकडूनही असा कागद घ्या. आत्ता त्यांच्याशी वाद घालू नका.

वकीलसाहेब_नांदेड | मंगळवार, सकाळी ११.१०

कायदा काय म्हणतो ते आधी बघू, कारण दादांची भीती अर्धी खरी आणि अर्धी ऐकीव आहे.

शस्त्र अधिनियम १९५९, कलम १४ आणि कलम १७. परवाना नाकारण्याची किंवा निलंबित, रद्द करण्याची जी कारणं दिली आहेत त्यात "मन ठिकाणावर नसलेला" माणूस येतो, आणि त्याच ओळीत "कोणत्याही कारणाने अपात्र" असाही शब्द आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे अर्जासोबत एस-३ नमुन्यातलं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. त्यात मानसिक आणि शारीरिक प्रकृतीबद्दल लिहायचं असतं, शिवाय माणूस दारू किंवा नशेच्या आहारी नाही हेही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनची पाच वर्षं झाली, म्हणजे ही विचारपूस आणखी लांबली.

आता दुसरी बाजू. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७, कलम ३. नुसता आजाराचा निष्कर्ष निघाला म्हणून कोणी "मन ठिकाणावर नसलेला" ठरत नाही, ते सक्षम न्यायालयाने ठरवावं लागतं. पूर्वी उपचार घेतले होते, एवढ्यावरून आज आजारी आहे असंही म्हणता येत नाही. कलम २३ प्रमाणे रुग्णाची माहिती गुप्त ठेवायची असते. डॉक्टरची चिठ्ठी आपोआप कलेक्टर ऑफिसच्या फायलीला लागत नाही. दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल तर तेवढ्यापुरती माहिती द्यायला मात्र कायद्याने मोकळीक आहे.

म्हणून नैराश्याच्या गोळ्या घेतल्या म्हणजे परवाना गेलाच असं नाही. पण "कोणत्याही कारणाने अपात्र" हा शब्द रुंद आहे, आणि अधिकारी तो वापरू शकतात. तसं झालं तर कारणं लेखी नोंदवावी लागतात, आणि कलम १८ खाली अपील करता येतं.

सर्वांत महत्त्वाचं: दुनळी तुम्ही स्वतः उचलून ठाण्यात नेऊ नका. भावाच्या काळजीपोटी पिशवीत घालून मोटारसायकलवर निघालात आणि नाक्यावर अडवलं, तर विनापरवाना शस्त्र बाळगल्याचा गुन्हा तुमच्यावर. दुसऱ्याने परवानाधारकाची बंदूक नेण्याची सूट आहे ती त्याच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकाराने, आणि तीही दुरुस्ती, नूतनीकरण किंवा त्याच्या वापरासाठी. काडतुसांनाही हेच लागू. एक तर दादा सोबत असू द्या, नाही तर ठाण्यात कळवून पोलिसांना घरी बोलवा. परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडेही सुरक्षित ताब्यासाठी जमा करता येतं. पावती घ्या, त्यावर बंदुकीचा नंबर आणि काडतुसांची संख्या नीट लिहून घ्या.

माजी_हवालदार | मंगळवार, दुपारी १.४५

सतरा वर्षं फौजेत काढली, नंतर बँकेत गार्ड. स्वतःची बारा बोअर होती म्हणून नोकरी लागली, त्यामुळे परवाना जाण्याची भीती मला चांगली कळते. माझ्यासारख्या शेकडो माजी सैनिकांची बंदूक म्हणजे पगार आहे. दुधनातीर यांचा जन्मभराचा नियम आला तर यातला एकही माणूस डॉक्टरची पायरी चढणार नाही. आतल्या आत कुढेल आणि बंदूक खांद्याला लावून ड्युटी करेल. ते जास्त धोक्याचं.

फौजेत हत्यार बराकीत नसतं, कोतात म्हणजे शस्त्रागारात असतं. ड्युटीला सही करून घ्यायचं, ड्युटी संपली की सही करून जमा. आमच्या पलटणीत एका पोराच्या घरून वाईट पत्र आलं होतं. सुभेदार साहेबांनी त्याला काही न बोलता महिनाभर लंगरात लावलं, पहाऱ्यावर पाठवलं नाही. पोरगं सावरलं आणि परत पहाऱ्याला गेलं. त्याला कोणी वेडा म्हटलं नाही, कारण हत्यार जमा करणं ही तिथे रोजची गोष्ट होती.

तुमचा दादा निवडणुकीला बंदूक जमा करतोच ना? सगळं गाव बघतं, कोणी काही म्हणत नाही. मग "काढून घेतो" हा शब्द वापरूच नका. "जमा करू" म्हणा. त्याच्या कानाला सवयीचा शब्द आहे.

मनोविकार_लातूर | मंगळवार, रात्री ९.२०

हवालदार साहेबांनी लिहिलंय तसंच इस्रायलच्या सैन्यात झालं. तिथे तरुण सैनिक सुट्टीला घरी जाताना रायफल सोबत नेत. २००६ मध्ये ठरवलं की आठवड्याच्या सुट्टीत रायफल तळावरच राहील. सैनिकांच्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्या. कोणाचा आजार शोधला नाही, कोणावर शिक्का मारला नाही, फक्त वाईट रात्री हत्यार हाताशी नव्हतं.

आपल्याकडे ओपीडीत मला बंदूक क्वचित दिसते, फवारणीचं औषध रोज दिसतं. पण तत्त्व तेच. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि तिथल्या आत्महत्या खूप कमी झाल्या. मरायची ऊर्मी लाटेसारखी येते. ह्यूस्टनमध्ये मरणाच्या दारातून परत आलेल्या तरुणांना विचारलं तेव्हा चौघांतल्या एकाने सांगितलं की ठरवणं आणि करणं यात पाच मिनिटंही गेली नव्हती. ती पाच मिनिटं टळली तर पुष्कळ जण जगतात. बंदूक ती संधी सहसा देत नाही, तिने केलेल्या दहा प्रयत्नांपैकी आठ-नऊ जीव जातात.

दुधनातीर, तुमच्या लेकींची काळजी रास्त आहे. पण अमेरिकेतल्या संशोधनाप्रमाणे समाजातल्या एकूण हिंसेपैकी गंभीर मानसिक आजारामुळे होणारी सुमारे ४ टक्के. माझ्या रुग्णाच्या हातात बंदूक असेल तर मला पहिली भीती त्याच्याच जिवाची वाटते. दारू, आधीची मारहाण, दिलेल्या धमक्या: दुसऱ्यासाठी धोका ओळखायचा तर आधी हे बघा.

एक_बहीण_धाराशिव | मंगळवार, रात्री १०.३०

शेवटचं वाक्य वाचून लिहायला बसले. माझ्या नवऱ्याला कोणताच आजार नव्हता, सर्टिफिकेट एकदम चोख. संध्याकाळी दारू पिऊन आला की पिस्तूल ताटाशेजारी ठेवून जेवायचा. बोलायचा काही नाही, फक्त ठेवायचा. मी भाकरी वाढायची आणि माझं लक्ष त्या काळ्या नळीचं तोंड कुणीकडे आहे तिकडे. ठाण्यात गेले तर म्हणाले, घरातला मामला आहे, परवाना आहे त्यांच्याकडे.

मग एका ताईंनी सांगितलं, परवाना कलेक्टर देतात तर अर्ज त्यांच्याकडे कर. लेखी दिला, तारखा घातल्या, दवाखान्याचे कागद जोडले. चार महिन्यांनी परवाना निलंबित झाला. म्हणून म्हणते, वेडा कोण हे शोधत बसू नका. घरच्या माणसांना विचारा. परवाना देताना शेजारी विचारतात, ठाण्याचा अहवाल घेतात, पण बायकोला कोणी बाजूला बसवून विचारत नाही.

वकीलसाहेब_नांदेड | मंगळवार, रात्री ११.००

ताई, तुम्ही केलंत तेच बरोबर. ही वाट इतरांनीही लक्षात ठेवावी: ठाण्यात ऐकलं नाही तरी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडे थेट लेखी अर्ज करता येतो. जिल्ह्यात ते जिल्हाधिकारी, छत्रपती संभाजीनगर शहरात पोलीस आयुक्त. पोच घ्यायला विसरू नका.

नांदेडचा_टेक्सासमध्ये | बुधवार, सकाळी ६.५०

इथलं थोडं. १९६८ च्या कायद्याने अमेरिकेत कोर्टाने मानसिकदृष्ट्या अक्षम ठरवलेल्या किंवा सक्तीने दवाखान्यात दाखल केलेल्या माणसाला बंदूक बाळगायला बंदी आहे. २००७ मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ३२ जण मारले गेले. मारणाऱ्याला कोर्टाने आधी उपचाराचा आदेश दिला होता, पण ती नोंद दुकानदार बघतो त्या यादीत पोचलीच नव्हती. मग कायदा बदलून नोंदी पाठवायला पैसा दिला. पण यादी शेवटी जुन्या शिक्क्यांचीच असते, आजची रात्र तिच्यात दिसत नाही. म्हणून १९९९ मध्ये कनेक्टिकटने आणि २०१८ मध्ये पार्कलँडच्या शाळेतल्या गोळीबारानंतर फ्लोरिडाने वेगळी वाट काढली: आत्ता धोका दिसतोय म्हणून कोर्टाच्या आदेशाने बंदूक काही काळ ताब्यात घ्यायची, आणि मुदत संपली की पुन्हा बघायचं. टेक्सासमध्ये ते नाही. इथे बंदुकीने जाणाऱ्यांत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. आमच्या गल्लीतही एक झाली. त्याची बायको आमच्याकडे दिवाळीला यायची.

दुधनातीर | बुधवार, दुपारी १२.३०

पूर्णाकाठची ताई, तुमचं वाचून रात्री बराच वेळ विचार केला. "जन्मभर" हा शब्द मागे घेतो. पण नूतनीकरणाला प्रमाणपत्र तरी मनोविकारतज्ज्ञाचंच पाहिजे. माझ्या चुलत्याचं सर्टिफिकेट पाच मिनिटांत झालं, डॉक्टरांनी मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

मनोविकार_लातूर | बुधवार, दुपारी ३.१०

पाच मिनिटांचं प्रमाणपत्र बंद व्हावं, याला माझाही पाठिंबा. पण देशात लाख लोकांमागे एक मनोविकारतज्ज्ञही पुरता नाही. राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला, म्हणजे मराठवाड्याबाहेर. आपल्याला संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड इथली मेडिकल कॉलेजं आणि जिल्हा रुग्णालयं. प्रत्येक परवाना आमच्याकडे पाठवला तर रांगेत बंदूकवालेच उभे राहतील आणि रुग्ण मागे पडेल. साध्या डॉक्टरने झोप, दारू, आणि जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार यांबद्दल दहा मिनिटं नीट विचारावं, घरच्या एका माणसाशी वेगळं बोलावं, आणि शंका आली तरच आमच्याकडे पाठवावं.

सिंदफणाकाठ | रविवार, रात्री ८.४५

सगळ्यांचे उपकार कसे फेडू कळत नाही. झालं ते सांगतो.

मंगळवारी दुपारी शेतात बांधावर बसून दादाला विचारलं, डॉक्टरांनी लिहिलं त्याच शब्दांत. बराच वेळ तो ढेकूळ फोडत राहिला. मग म्हणाला, "येतं मनात. पहाटे येतं." नऊ वर्षांनी मोठा भाऊ माझ्यासमोर पहिल्यांदा रडला.

बंदुकीबद्दल हवालदार साहेबांचाच शब्द वापरला. "दादा, निवडणुकीला करतो तशी जमा करू. झोप नीट लागली की आणू." म्हणाला, "गावाला काय सांगायचं?" म्हटलं, पावसाने खोली ओली आहे, गंज चढायलाय, तूच म्हणालास. तर थोडा हसला. बुधवारी तो, मी आणि वहिनी, तिघंही गाडी करून ठाण्यात गेलो. दादाच्या हातात दुनळी, खिशात परवाना. अंमलदाराने नंबर लिहिला, काडतुसं मोजली, पावती दिली. कारण विचारलं तर दादाने स्वतः सांगितलं, "तब्येत बरी नाही." त्याने वर बघितलं, मान हलवली आणि बसायला खुर्ची दिली.

तिथून तसेच अंबाजोगाईला. डॉक्टरांनी दादाला पाऊण तास दिला. दादाने शेवटी विचारलंच, "साहेब, दिवाळीनंतर सर्टिफिकेटवर सही करताल का?" ते म्हणाले, तेव्हा तपासून जे दिसेल ते लिहीन, आज खोटं आश्वासन देत नाही. दादाला ते पटलं असावं, परत येताना गाडीत त्याने चहा मागितला.

पावती वहिनींनी पोथीत ठेवलीय. खुंटीवर आता दादाची टोपी आहे.

एक विचारायचं राहिलं. गोळ्यांचा आज पाचवा दिवस. झोप लागायलीय, पण दिवसभर गुंगी असते आणि जेवताना हात थरथरतो. हे चालतं का? आई म्हणते गोळी बंद कर.

मनोविकार_लातूर | रविवार, रात्री ९.३०

बंद करू नका. गुंगी पहिल्या आठवड्यात असते, बहुतेकांची कमी होत जाते. थरथर मात्र ज्यांनी गोळ्या दिल्या त्यांनाच उद्या सकाळी कळवा, मी इथून डोस सांगणार नाही. मोटारसायकल आणि ट्रॅक्टर सध्या त्यांच्या हातात देऊ नका.

आणि एक नीट लक्षात ठेवा. पुढच्या दोन-चार आठवड्यांत अंगात ताकद आधी येते, मन मागाहून उजळतं. त्या मधल्या दिवसांत घरचे गाफील राहतात. तेव्हा दादा स्वतःहून म्हणाले, "आता बरं वाटतंय, बंदूक आणू," तरी ठाण्यात जायच्या आधी डॉक्टरांकडे जा. फवारणीचे डबे कुठे आहेत तेही आजच बघा.

सिंदफणाकाठ | रविवार, रात्री ९.४२

डबे गोठ्याच्या माळ्यावर आहेत. ते तर डोक्यातच आलं नव्हतं. आत्ता पुतण्याला फोन करतो.